पुरुषाचा जीव नेमका कशात गुंततो? (युक्त्या नकोत, कारणांसकट लिहा)

कट्टेकरीण

रील्सवर सल्ल्यांचा नुसता पूर आलाय. ‘तीन दिवस मेसेजला उत्तर देऊ नका, आपोआप मागे लागेल.’ ‘मधूनच गायब व्हा.’ ‘आवडीचं करून घाला, झाला तुमचा.’ घरच्या मावश्या-आत्या सांगतात ते आणखी निराळंच. यातलं खरं किती आणि फेकाफेक किती, हे एकदा नीट लावून घ्यायचंय. ओळख झालीय, भेटीगाठी चालू आहेत, किंवा लग्नाला दोनेक वर्षं झालीत, अशा नात्यात पुरुषाला समोरच्याबद्दल माया कशाने वाटायला लागते आणि कशाने आटते?

इथे मानसशास्त्र शिकवणारे आहेत, समुपदेशन करणारे आहेत, वधूवर मंडळांत वर्षानुवर्षं काम केलेले आहेत. त्यांनी लिहावं. दोनच अटी. स्वतःच्या प्रेमकहाण्या इथे नकोत, त्यांचा धागा वेगळा आहे. आणि ‘पुरुष असेच असतात’ म्हणून कुणी हात झटकू नयेत. काय करायचं, कसं करायचं, कुठे फसतं, ते लिहा. हिशेब मुंबईचा धरा: जाऊन-येऊन तीन तास लोकल, वन बीएचकेत पाच माणसं.

पाटीपेन्सिल

नजर वळणं आणि जीव लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत, तेवढं आधी मान्य करू. रील्सवाले सगळे पहिलीबद्दल बोलतात आणि दुसरीचं आश्वासन देतात.

पुरुषांना दिसण्याचं महत्त्व जास्त वाटतं, हे खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांची ‘जोडीदारात काय हवं’ याबद्दलची ३७ समाजगटांतली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. दहा हजारांवर माणसं होती, भारतातलीही होती. पुरुषांनी रूपाला बायकांपेक्षा जास्त गुण दिले, बायकांनी कमाईला. लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. त्याच पाहणीत सगळ्यांची सरासरी काढली तर स्त्री-पुरुष दोघांच्याही यादीत सगळ्यात वर आहे ते एकमेकांवरचं प्रेम, भरवशाचा स्वभाव आणि मनाचा समतोल. रूप त्याच्या बरंच खाली.

शिवाय कागदावर लिहिलेली आवड आणि प्रत्यक्षातली आवड यांचा मेळ बसेलच असं नाही. पॉल ईस्टविक आणि ईलाय फिंकेल यांनी २००८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्पीड डेटिंगवर (एकाच बैठकीत अनेकांशी काही मिनिटांच्या झटपट भेटी) अभ्यास केला. ‘मला अमुक हवं’ असं आधी लिहून देणाऱ्यांना समोरासमोर तेच असलेली व्यक्ती जास्त आवडली, असं काही निघालं नाही. वधूवर मंडळाच्या फॉर्मवरचा ‘अपेक्षा’ हा रकाना किती मनावर घ्यायचा, ते यावरून ठरवा.

तिसरी गोष्ट सवयीची. रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की नुसतं वारंवार नजरेस पडलं तरी माणसाला ती गोष्ट बरी वाटायला लागते. त्यामुळे महिन्यातून एकदा पाच तासांच्या झगमगीत भेटीपेक्षा आठवड्यातून दोनदा स्टेशनबाहेरचा अर्ध्या तासाचा चहा जास्त काम करतो. मात्र पहिलं मतच वाईट झालं असेल तर पुन्हापुन्हा समोर येऊन ते सहसा आणखी घट्ट होतं. नकार आल्यावर रोज तिच्या किंवा त्याच्या गाडीची वेळ साधणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

शेवटचा_डबा

‘भाव खाणे’ या प्रकाराचा निकाल १९७३ मध्येच लागलाय, तरी रील्सवाल्यांना पत्ता नाही.

एलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांना आधी वाटत होतं की भाव खाणारी बाई जास्त आवडत असणार. एकामागून एक प्रयोग केले, सिद्धच होईना. शेवटी त्यांनी ७१ पुरुषांपुढे पाच जणींच्या फायली ठेवल्या. एक सगळ्यांनाच नाकं मुरडणारी, एक कोणालाही तयार असणारी, दोघींबद्दल तशी माहितीच नाही, आणि एक अशी की इतरांच्या बाबतीत चोखंदळ पण ‘तुला भेटायला आवडेल’ म्हणणारी. या शेवटचीला ४२ जणांनी निवडलं. नाकं मुरडणारीला सहा जणांनी.

म्हणजे ‘मी सहजासहजी कोणाच्या वाटेला जात नाही, पण तुझ्याशी बोलायला मला आवडतं’ हे दोन्ही पोचायला हवं. पहिलं अर्धंच पोचवलं की तो भिंत समजून परत जातो.

आता ते तीन दिवस उत्तर न देणं. कधी लगेच निळ्या टिका, कधी दोन दिवस शुकशुकाट, असं केलं की समोरचा फोन सारखा बघायला लागतो, हे खरं आहे. लॉटरीचं तिकीट घेणारा निकाल बघतो तसंच ते. त्याला ओढ म्हणता येईल, माया नाही. त्यात अस्वस्थता इतकी असते की दुसरीकडे जरा शांत जागा मिळाली की माणूस उठून जातो, आणि ज्यांना तशीच अस्वस्थता हवी असते ते टिकतात. म्हणजे चाळणी उलटी लागते.

साधा नियम: बघितलं, वेळ आहे, तर उत्तर द्या. वेळ नसेल तर ‘मीटिंगमध्ये आहे, आठनंतर बोलते’ एवढं पुरे. आणि मग आठनंतर खरंच बोला.

सायन_सर्कल

मुद्द्याचं लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिएटलला जोडप्यांना एका फ्लॅटसारख्या जागेत ठेवून त्यांचं बोलणं-वागणं टिपलं. सहा वर्षांनी कोण एकत्र आहेत ते पाहिलं. जी नवपरिणित जोडपी टिकली होती, त्यांनी एकमेकांच्या बारीकसारीक हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. मोडली त्यांनी ३३ टक्के वेळा. ‘हाक’ म्हणजे ‘अगं ऐक’ नव्हे. ‘बघ काय ऊन पडलंय’ हीसुद्धा हाकच.

आपल्याकडचे पुरुष ‘मला तुझ्याशी बोलायचंय’ असं फारसं म्हणत नाहीत. ते बातमी दिल्यासारखं काहीतरी टाकतात आणि बघतात कोणी उचलतंय का. उदाहरण घ्या. तो दार उघडून आत येतो, बॅग खुर्चीवर टाकतो आणि म्हणतो, “कुर्ल्याला अर्धा तास गाडी उभी होती.”

यावर साधारण तीन तऱ्हेची उत्तरं येतात.

“हं.” (मान फोनमध्ये.)

“मग आधीची पकडायची ना. रोजचंच आहे तुझं.”

“अर्धा तास? उभा होतास की बसायला मिळालं होतं?”

पहिल्या उत्तराने काही बिघडत नाही असं वाटतं, पण रोज तेच झालं की तो सांगणं बंद करतो. दुसरं निदान भांडण तरी आहे. तिसऱ्यात काय विशेष आहे ते बघा. सहानुभूतीचं भाषण नाही, उपाय नाही, ‘बिच्चारा’ नाही. त्याच्या वाक्यातला एक शब्द उचलला आणि त्यावर लहानसा, खरा प्रश्न विचारला. दहा सेकंदांचं काम. त्यानंतर तो जे सांगेल ते बहुतेक वेळा कुर्ल्याबद्दल नसतंच. ऑफिसात कोणाला काढलं, किंवा बाबांचा रिपोर्ट काय आला, ते असतं. कुर्ला हा दरवाजा असतो.

फसतं कुठे? एक, प्रश्नांचा भडिमार. एका वेळी एकच प्रश्न, मग गप्प. पाच-सात सेकंद शांतता राहू द्या. अनेकांना शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो आणि आपण नेमकं तेव्हाच बोलतो. दोन, लगेच उपाय. ‘सरळ बॉसशी बोल’ हे वाक्य त्याला ‘तुला एवढंही सुचलं नाही का’ असं ऐकू येतं. आधी विचारा: “नुसतं ऐकू की काही सुचवू?” तीन, आणि हे सगळ्यांत महाग पडतं: त्याने हळवेपणाने सांगितलेली गोष्ट पुढे भांडणात वापरणं. ‘तुला ऑफिसातही कोणी विचारत नाही, तूच सांगितलं होतंस.’ त्यानंतर वर्षभर साबुदाणा वडे तळून घातलेत तरी तो पुन्हा त्या खोलात शिरत नाही. पुरुषांना बोलता येत नाही असं आपण म्हणतो. पुष्कळांना येतं, एकदा बोलण्याची किंमत मोजलेली असते.

दुसरा भाग चांगल्या बातमीचा, आणि तो लोक साफ विसरतात. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जोडीदाराची आनंदाची बातमी आपण कशी झेलतो, यावर नात्यातली जवळीक बरीच अवलंबून असते. त्यांनी चार प्रकार पाडले. तो म्हणतो, “नवं प्रोजेक्ट मला दिलं.”

“अरे वा.” आणि कुकरच्या शिट्ट्या मोजणं चालू. हे थंड कौतुक.

“म्हणजे आता घरी यायला आणखी उशीर.” हे पाणी ओतणं.

“बरं, येताना दूध आणलंस?” हे दुर्लक्ष.

“कधी सांगितलं? सगळ्यांसमोर की केबिनमध्ये बोलावून? तू काय म्हणालास?” हे खरं झेलणं.

चौघांत फायदा फक्त शेवटच्याचा होतो. थंड कौतुकानेही भागत नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. त्याला तो प्रसंग पुन्हा एकदा जगायला मिळाला पाहिजे, म्हणून ‘कधी, कुठे, कोण काय म्हणालं’ असे प्रश्न. उशिरा येण्याची चिंता रास्त असेल तर ती दुसऱ्या दिवशी काढा. एक रात्र त्या बातमीला द्या.

फास्ट_लोकल

सायनसर, वाचून बॅग खुर्चीवरून उचलली. :)

पण जेवणाचं काय? पोटातून रस्ता जातो म्हणतात तो जातो की नाही? की तिथेही मेगाब्लॉक?

तिरफळ

जातो, पण लोक समजतात त्या मार्गाने नाही. सुगरणपणाने पोट भरतं. माया वाटते ती ‘हिला माझं लक्षात आहे’ याची. त्याला कोथिंबीर वरून कच्ची घातलेली आवडत नाही हे लक्षात ठेवून बाजूला ठेवलीत, तर ती चार भाज्या आणि दोन कोशिंबिरींच्या ताटाला भारी पडते. डब्यात पोळीला तूप न लावता वेगळ्या छोट्या डबीत दिलंत, कारण दुपारपर्यंत पोळी ओशट होते असं तो एकदा म्हणाला होता, तर ते तो चार मित्रांना सांगतो.

घोडचूक कुठली, तर त्याच्या आईच्या हातची चव गाठायला जाणं. जमलं नाही तर तुलना, जमलं तर सासूबाई नाराज. त्यापेक्षा त्याच्या घरी होत नाही असं एक काहीतरी आपलं म्हणून पक्कं करा. घाटावरच्या घरातल्याला, मासे खात असेल तर, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं देऊन बघा. प्रमाण देते, कारण इथेच फसतं.

चार मध्यम बांगडे. कल्ले लाल, डोळा स्वच्छ आणि फुगीर असेल तेच घ्या. एक वाटी ओलं खोबरं, सात-आठ बेडगी मिरच्या अर्धा तास भिजवून, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच. हे सगळं गंधासारखं बारीक वाटा. तिरफळं आठ ते दहा. त्यातली काळी बी काढून टाकायची आणि फक्त सालं घ्यायची. ती वाटणात घालायची नाहीत! मिक्सरमधून काढलीत की सगळं कडू. नुसती बत्त्याने ठेचा आणि वाटणाला उकळी आली की टाका. मग मीठ, मग मासे, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. चमचा घालू नका, भांडं दोन्ही बाजूंनी धरून हलवा, नाहीतर तुकडे मोडतात. अर्धा तास झाकून ठेवलंत की तिरफळाचा वास उतरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या बांगड्याचा हट्ट धरू नका.

आणि बनवून घालण्यापेक्षा बरोबर बनवणं जास्त चालतं. खोबरं तो खवेल, मासे तुम्ही साफ करा, किंवा उलटं. चार बाय सहाच्या मुंबईच्या स्वयंपाकघरात कोपराला कोपर लागतंच, वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत.

दीड_दमडी

हे सगळं बाईनेच करायचं का? ती पण त्याच लोकलने येते. तिला कुर्ल्याला गाडी थांबली नव्हती? धागा वाचून असं वाटतंय की एकीने प्रश्न विचारायचे, तूप वेगळ्या डबीत द्यायचं, चांगल्या बातम्या झेलायच्या, आणि दुसऱ्याने नुसतं गुंतायचं.

सायन_सर्कल

दमडीताई, बरोबर पकडलंत. धाग्याचा विषय पुरुष आहे म्हणून एकाच बाजूने लिहिलं जातंय, पण गॉटमन किंवा गेबल यांचे निष्कर्ष दोघांनाही लागू आहेत. आणि एकतर्फी केलं तर उपयोगही होत नाही. सतत देणाऱ्या माणसाबद्दल समोरच्याला आधी कृतज्ञता वाटते, मग सवय होते, मग दिसेनासंच होतं. देणाऱ्याच्या मनात मात्र खातं लिहिलं जात असतं, आणि ते एक दिवस व्याजासकट बाहेर येतं.

म्हणून मोजमाप ठेवा. महिनाभर बघा: स्वतःहून फोन कोणी केला, भेटायचं कोणी ठरवलं, तुमच्या दिवसाबद्दल प्रश्न कोणी विचारला. बरोब्बर निम्मं-निम्मं कधीच नसतं. पण सगळं एकाच बाजूने दिसलं तर आपलं थोडं कमी करा आणि सरळ सांगा: “या शनिवारचं तू ठरव, मला काहीही चालेल.” आणि मग खरंच काहीही चालवून घ्या. त्याने ठरवलेल्या हॉटेलला नावं ठेवलीत तर पुढच्या वेळी तो ठरवणार नाही. तीन-चार शनिवार असे कोरडे गेले, तर प्रश्न तुमच्या पद्धतीत नाही.

पाटीपेन्सिल

भेटायचं कुठे, यावरही थोडं बोलू, कारण जागेने फरक पडतो. अनेक पुरुष समोरासमोर बसून मोकळे होत नाहीत, बाजूबाजूला चालताना होतात. कॉफी शॉपचं टेबल मुलाखतीसारखं वाटतं.

मुंबईत यासाठी सोय उत्तम आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोघंही समुद्राकडे तोंड करून बसतात, डोळ्यांत डोळे घालायची सक्ती नाही. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत रमतगमत चाललं तर पाऊण तास ते तास होतो. शिवाजी पार्कची एक फेरी किलोमीटरच्या थोडी वर, तीन फेऱ्यांत बरंच बोलणं होतं आणि थांबायला कट्टा आहेच. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असेल त्या दिवशी समुद्रकाठचा बेत आखू नका. नॅशनल पार्क आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. सुट्टी टाकून गेटवेला पोचायचं आणि लाँचवाल्याने ‘आज सोमवार’ म्हणायचं, हे टाळा.

नवं काहीतरी एकत्र करण्याचा फायदा मात्र पुराव्याचा आहे. आर्थर ॲरन यांनी २००० मध्ये जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून, मॅटवर रांगत, हात न लावता उशी पलीकडे न्यायला लावली. सात मिनिटांचा खेळ. कंटाळवाणं काम दिलेल्या जोडप्यांपेक्षा या लोकांना नंतर आपलं नातं अधिक चांगलं वाटलं. रांगायची गरज नाही. नाटक बघणं रोजचं असेल तर कान्हेरीला चढा; चढणं रोजचं असेल तर पृथ्वीला नाटक बघा. दोघांनाही नवखं असलं पाहिजे, हा त्यातला गाभा. एकजण तरबेज आणि दुसरा धडपडतोय, असं झालं की शिकवणी होते.

याच ॲरन आणि डोनाल्ड डटन यांचा १९७४ चा झुलत्या पुलाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. उंच, हलणाऱ्या पुलावर मुलाखत घेणाऱ्या मुलीचा नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ पुरुषांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या १६ पैकी दोघांनी. छातीतली धडधड भीतीची, पण खातं तिच्या नावावर. मजेशीर आहे, पण आकडे लहान आहेत आणि तो परिणाम पहिल्या भेटीतल्या आकर्षणाचा आहे. त्यावर विसंबून कोणी विरार फास्टच्या दारात लटकू नये.

शेवटचा_डबा

भांडणाबद्दल कोणी लिहीत नाहीये, आणि माया आटते ती तिथेच.

एकजण मागे लागतो, दुसरा गप्प होतो. गप्प झाला म्हणून पहिला आणखी मागे लागतो. अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी या चक्रावर बरंच काम केलंय. बहुतेक वेळा मागे लागणारी बायको आणि गप्प होणारा नवरा दिसतो, पण १९९० च्या अभ्यासात असंही दिसलं की विषय नवऱ्याच्या तक्रारीचा असेल तेव्हा तो फरक जवळजवळ राहत नाही. ज्याला बदल हवा तो मागे लागतो. तेव्हा ‘पुरुषांना भावनाच नसतात’ हे तिथेही टिकत नाही.

करायचं काय? छातीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस ऐकूच शकत नाही, तिथे थांबा. किमान वीस मिनिटं. पण ‘मला नाही बोलायचं’ म्हणून उठू नका, वेळ सांगून उठा: “आत्ता मी चिडलेय, साडेनऊला बोलू.” वेळ सांगितली नाही तर थांबणं म्हणजे पळून जाणं वाटतं. वन बीएचकेत दुसरी खोली नसते, म्हणून दूध आणायला जा, गच्चीवर जा. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात उत्तरं रचत बसलात तर ठोके उतरत नाहीत.

जड विषय घरात पाऊल टाकल्या-टाकल्या काढू नका. हातपाय धुणं, चहा, मग बोला. सुरुवात ‘तू कधीच’ किंवा ‘तू नेहमी’ने नको. “या महिन्यात तीन रविवार तू मॅचला गेलास, मला एक रविवार हवाय” यात आकडा आहे, मागणी आहे, शिवी नाही.

आणि चारचौघांत उणंदुणं अजिबात नको. पगार, टक्कल, इंग्रजी, आणि ‘ताईच्या मिस्टरांनी ठाण्यात टू बीएचके घेतला’ ही सगळी जागच्या जागी घाव घालणारी वाक्यं आहेत. हसण्यावारी नेतो, विसरत नाही. याउलट त्याच्या पाठीमागे, त्याच्या मित्राजवळ किंवा आईजवळ केलेलं एखादं नेमकं कौतुक फिरून त्याच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याची किंमत चौपट होते. नेमकं म्हणजे ‘खूप चांगला आहे’ असं नव्हे. ‘बाबांच्या ऑपरेशनचे सगळे कागद त्यानेच लावून ठेवले होते’ असं.

गुलमोहर_सात

एक राहून गेलं. पुरुषाचं प्रेम हवं असणारा पुरुषही असू शकतो. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर तरी हे गृहीत धरून लिहायला हरकत नाही.

गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी समलिंगी जोडप्यांचा बारा वर्षं मागोवा घेतला, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. नातं टिकवणाऱ्या गोष्टी बहुतांशी त्याच. फरक असा की ही जोडपी वादाची सुरुवात जास्त सौम्यपणे आणि विनोदाने करत होती, आणि एकाने दुसऱ्यावर हुकमत गाजवणं कमी होतं. शेवटच्या डब्याने लिहिलेल्या सुरुवातीच्या वाक्याचं महत्त्व त्यावरूनही कळतं. इथल्या जोडप्यांची एक जास्तीची अडचण म्हणजे घरी ‘मित्र’ म्हणून वावरावं लागतं. त्यामुळे चारचौघांतल्या कौतुकाची सोयच नसते, ते एकांतात मुद्दाम शब्दांत सांगावं लागतं.

फास्ट_लोकल

भेटवस्तूंवर कोणी दोन ओळी टाका. वाढदिवस जवळ आलेत.

तिरफळ

ओळख नवी असेल तर हजाराच्या आत ठेवा. महागडं घड्याळ दिलंत की परतफेडीचं दडपण येतं. रोज हाताळली जाणारी वस्तू चांगली: लोकलमध्ये पुढे लटकवता येईल अशी चपटी बॅग, जूनआधी बॅगेचं पावसाळी कव्हर, छोटी पॉवर बँक. शर्ट घ्यायचा तर कॉलरचा नंबर त्याच्या जुन्या शर्टावरून बघा, अंदाजाने नको. आणि हो, फुलं. पुरुषांना फुलं देऊ नयेत असं कुठेही लिहिलेलं नाही. दादरच्या फुलबाजारात सकाळी लवकर गेलात तर ताजी आणि स्वस्त मिळतात.

कट्टेकरीण

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा चांगला चाललाय. एक अडलेलं विचारते. चेहरा पडलेला दिसतो, ‘काय झालं’ विचारलं की उत्तर येतं ‘काही नाही’. तिथे पुढे काय म्हणायचं? पुन्हा विचारलं की चिडतो, नाही विचारलं तर ‘तुला काही पडलेलीच नाही’.

सायन_सर्कल

‘काही नाही’चे दोन अर्थ होतात: ‘आत्ता नाही’ किंवा ‘तुला सांगून काही उपयोग नाही’. कुठला ते त्या क्षणी कळत नाही, त्यामुळे दोन्हींना चालेल असं वागावं लागतं.

“काय झालं” एकदाच विचारा. ‘काही नाही’ आलं की “बरं. मी आहे इथे, नंतर वाटलं तर सांग” म्हणा आणि खरोखर विषय सोडा. चेहऱ्याकडे बघत बसू नका, भांडी आपटू नका. त्याच खोलीत आपलं काहीतरी करत राहा: भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. हातातलं काम असं हवं की थांबवता येईल. तासाभराने, नाहीतर जेवणानंतर, “जरा खाली फेरी मारून येऊ” म्हणा. निघाल्यावर निदान पहिली पाच मिनिटं इतर काहीतरी बोला, पुनर्विकासाचं काय झालं वगैरे. पुष्कळदा परतीच्या वाटेवर, गेटच्या जरा आधी, तो सुरू होतो. तेव्हा लिफ्टमध्ये शिरू नका, आणखी एक फेरी मारा.

त्या रात्री नाही बोलला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा विचारा, त्याहून जास्त नको. मात्र दोन आठवडे तसाच गेला, झोप किंवा जेवण उडालं, आवडीच्या गोष्टींतलं लक्ष गेलं, तर तो रुसवा समजू नका. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, फोन मोफत आहे. ‘तू फोन कर’ असं सांगण्यापेक्षा नंबर लावून, स्पीकरवर टाकून शेजारी बसलात तर तो बोलण्याची शक्यता जास्त.